चार्ज घेतलेले मुख्याध्यापक



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘शालेय नेतृत्व आणि नवा अभ्यासक्रम’ असं छापलंय. शब्द जरा भारी आहेत. मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात काढली, त्यातली शेवटची ७ केंद्रप्रमुख म्हणून. एवढ्या काळात ‘तुमच्या शाळेचं नेतृत्व कोण करतं?’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. विचारायचे ते असं: “मॅडम, त्या शाळेचा चार्ज कुणाकडे आहे?” मी आजचं बोलणं या ‘चार्ज’ शब्दापासूनच सुरू करते. मुख्याध्यापकांना नव्या निकषांसाठी तयार करायच्या सगळ्या योजना एका अशा माणसाला गृहीत धरतात जो बहुतेक लहान शाळांत कागदावरसुद्धा नसतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत शिक्षकसंख्या ठरवून दिली आहे. पहिली ते पाचवीसाठी पट १५० च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. सहावी ते आठवीसाठी पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. आता आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळा डोळ्यांपुढे आणा. पट ३२, पट ४७, पट १८. साठपर्यंत दोन शिक्षक. तिथे मुख्याध्यापक नावाचं पदच नाही. दोघांतला जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे चार्ज. तो दोन-तीन वर्ग शिकवतो आणि शिकवून झाल्यावर, खरं तर शिकवता शिकवताच, कॅशबुक लिहितो, पोषण आहाराचा हिशोब ठेवतो, यू-डायस भरतो, आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन करतो, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त लिहितो. त्याला विचारा, तुम्ही इथले मुख्याध्यापक का? तो हसतो. म्हणतो, “सही करतो मॅडम.”

आपल्याला तयार करायचंय ते या माणसाला.

आता ज्या कागदावर मला टीका करायची आहे त्याकडे येते. दिल्लीला नीपा आहे, राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था. तिथे २०१२ साली राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झालं आणि २०१४ मध्ये या केंद्राने मुख्याध्यापकांच्या नेतृत्व विकासाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. राज्याराज्यांत नेतृत्वाची जी प्रशिक्षणं झाली त्यांच्या मुळाशी हा आराखडा आहे. त्यात सात क्षेत्रं आहेत: नेतृत्वाकडे पाहण्याची दृष्टी, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनातला बदल, संघ बांधणं, नवोपक्रम, भागीदारी, आणि शालेय प्रशासन.

मी हा आराखडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं, हे आधी सांगते. मुख्याध्यापक म्हणजे कार्यालयातला वरिष्ठ लिपिक नव्हे, त्याने वर्गात जावं, मुलं कशी शिकतात ते बघावं, सहकाऱ्यांशी त्यावर बोलावं, असं सरकारी भाषेत इतक्या स्पष्टपणे कुणीतरी म्हणत होतं. दोष आहे तो मांडणीत. प्रशासन हे तिथे सातांपैकी एक क्षेत्र आहे. जमिनीवर ते उरलेल्या सहांना गिळून बसलेलं आहे. दहा वाजता शाळा उघडल्यापासून फोनवर ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आजच दुपारी दोनपर्यंत’ अशा लिंका येत असतील तर त्या माणसाला ‘अध्यापनातला बदल’ शिकवून काय होणार? आणि संघ बांधायचा तो कुणाचा? माझ्या केंद्रातले एक चार्जवाले सर प्रशिक्षणात उभे राहून म्हणाले होते, “आमच्या संघात मी आणि आमच्या बाई. बाई बीएलओ आहेत. म्हणजे सध्या संघ मी एकटाच.” सगळे हसले. सुलभकही हसले आणि पुढची स्लाइड आली.

मला त्या हसण्याबद्दलच बोलायचंय. सर विनोद करत होते हे खरं, पण त्याच वाक्यात त्यांनी प्रशिक्षणाची सगळी अडचण सांगून टाकली होती. सुलभकाकडे त्यावर उत्तर नव्हतं. असणार कुठून? त्यालाही वरच्या पातळीवर जे मिळालं तेच तो देत होता. राज्यावरून जिल्ह्यावर, जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून केंद्रावर. पुण्यात पाच दिवस चाललेलं प्रशिक्षण केंद्रावर पोचेपर्यंत दोन दिवसांचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ऑनलाइन अभिप्राय भरायचा असतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र दिवस कमी पडतात हा नाही. मी आजवर हजेरी लावलेल्या एकाही प्रशिक्षणात ‘हा नवा बदल आणायचा तर शाळेत आजपासून काय बंद करायचं?’ हा प्रश्न विचारला गेला नाही. काय सुरू करायचं याच्या याद्या असतात. बंद करायचं काहीच नसतं. मग जुनं तसंच राहतं, नवं त्यावर चढतं, आणि चार्जवाला माणूस जे करतो ते कुणीही शहाणा माणूस करेल. तो नवं कागदावर पूर्ण करतो.

याचा इतिहास फार लांबचा नाही, आणि त्यात माझाही हात आहे.

२० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय इथल्या शिक्षकांना तोंडपाठ असेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. कल्पना उत्तम होती. वर्षअखेरच्या एका परीक्षेवर मुलाला जोखू नका, वर्षभर बघा, आठ प्रकारच्या साधनतंत्रांनी बघा, आणि काय दिसलं ते शब्दांत लिहा. वर्णनात्मक नोंद. प्रत्येक मुलाची वेगळी. मी तेव्हा चाळीस-बेचाळीस पटाच्या एका शाळेत होते आणि चार्ज माझ्याकडे होता. प्रशिक्षणात आम्हाला नोंदवही कशी आखायची ते दाखवलं, रकाने किती, कुठल्या रकान्यात किती गुण. मुलाकडे बघायचं कसं, आणि बघायला वेळ कुठून काढायचा, यावर काही नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. विषयवार, इयत्तावार. ‘परिपाठात उत्साहाने भाग घेतो.’ ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘स्वच्छतेची आवड आहे.’ मुलगी असेल तर ‘घेतो’चं ‘घेते’ करायचं, एवढंच आपलं काम.

मीही ती पुस्तिका विकत घेतली. चौथीत एक मुलगी होती, ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर जायची, होळीच्या आसपास परत यायची. तिच्या प्रगतिपत्रकावर माझ्या अक्षरात आहे: ‘आत्मविश्वासाने प्रकट वाचन करते.’ तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मला ते माहीत होतं. पाचवीला ती शेजारच्या गावात गेली, आणि तिथल्या गुरुजींनी एका बैठकीत सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन मला विचारलं, “बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?” मला त्यांचा राग आला नाही. तिचे आईवडील ते पत्रक वाचू शकत नव्हते. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता.

तर निकष चांगला असून काय झालं, तर असं झालं. मूल काय शिकलं ते दाखवण्यासाठी आणलेली पद्धत मूल काय शिकलं नाही ते झाकायला वापरली गेली. ती वापरणाऱ्यांत मी होते.

पुढे २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. त्याच सुमारास सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव सगळीकडे झालं. तिथल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने खरंच चांगलं काम उभं राहिलं होतं. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, आम्हीही गेलो. मुलं फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून आपापली कामं करत होती, शिक्षक खाली त्यांच्यात बसले होते. परत आल्यावर आमच्याकडे काय झालं? फरशा रंगल्या. लोकवर्गणी गोळा झाली, पेंटर आले, एकेका शाळेच्या वर्गखोल्या आठवड्यात रंगवून झाल्या, आणि बैठकीत विचारणा होऊ लागली, “तुमच्या किती शाळा ज्ञानरचनावादी झाल्या?” ज्ञानरचनावादी हे फरशीचं विशेषण झालं! कुमठ्यात वर्षानुवर्षं शिक्षक एकत्र बसून जे बोलत होते, चुकत होते, परत करून बघत होते, ते एका भेटीत दिसण्यासारखं नव्हतं. दिसला तो रंग.

इथे मी जरा अमेरिकेत जाऊन येते. ‘आपल्याकडेच असं होतं’ म्हणून स्वतःला बोल लावायची आपल्याला सवय आहे, आणि ते खरं नाही. तिथे २०१० च्या जूनमध्ये ‘कॉमन कोअर’ नावाने भाषा आणि गणिताचे सामाईक निकष जाहीर झाले. केंद्र सरकारच्या अनुदानाची स्पर्धा चालू होती, तिच्या ओढीनेही बऱ्याच राज्यांनी ते झटपट स्वीकारले. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्येच तिसरी ते आठवीच्या परीक्षा नव्या निकषांनुसार घेतल्या. आदल्या वर्षी भाषेत ५५ आणि गणितात ६५ टक्क्यांच्या आसपास मुलं पात्र ठरली होती. त्या वर्षी दोन्हींत ३१ टक्के. मुलं एका वर्षात बिघडली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. पण हे पालकांना सांगायचं कुणी? प्रिन्सिपॉलनी. ज्यांच्या शिक्षकांपर्यंत नवं साहित्य धड पोचलं नव्हतं त्यांनी. २०१५ पर्यंत त्या राज्यातल्या सुमारे २० टक्के मुलांच्या घरच्यांनी परीक्षेला बसायलाच नकार दिला. निकष वाईट होते का, यावर तिथे अजून वाद आहे. क्रम चुकला होता, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही: निकष आधी, परीक्षा लगेच, माणसांची तयारी जमेल तेव्हा.

एक मात्र तिथे वेगळं होतं. परीक्षेचे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडायला विरोध करणारं पत्र त्याच राज्यातल्या दीड हजारांहून जास्त प्रिन्सिपॉलनी जाहीर सह्या करून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे जिल्हा परिषद सेवेचे वर्तणूक नियम १९६७ चे आहेत आणि ते सगळ्यांना चांगले ठाऊक असतात. मीसुद्धा निवृत्तीनंतरच इथे बोलायला आले आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता निकषांकडे. एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती २०१७ साली आल्या. त्याच वर्षी शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तावार, विषयवार निष्पत्तींना कायदेशीर आधार मिळाला. मी या दस्तऐवजाच्या बाजूची आहे. ‘धडा संपला’ याऐवजी ‘मुलाला काय येतंय’ असा प्रश्न तो विचारायला लावतो. पण तो इयत्तावार लिहिलेला आहे, आणि आपली शाळा इयत्तावार भरत नाही. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी. तीन इयत्तांच्या गणिताच्या निष्पत्ती तीन वेगळ्या पानांवर, मुलं एकाच सतरंजीवर. ही तीन पानं एकमेकांवर ठेवून वाचायची कशी, पहिलीच्या संख्याज्ञानाचं काम तिसरीच्या मुलांच्या कामाशी कुठे जुळतं, हे चार्जवाल्या गुरुजींना कळणं म्हणजे खरी तयारी. त्याचं मॉड्यूल मी बघितलेलं नाही. सामग्रीत ‘व्हिजन’ लिहायचा तक्ता मात्र हमखास असतो.

तसंच निपुण भारतचं. जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य. यातल्या ‘अर्थ समजून’ला घड्याळ लावता येत नाही, आणि ‘६० शब्द’ला लावता येतं. त्यामुळे काय मोजलं जाईल ते उघड आहे. मेळघाटात कोरकू बोलणारी मुलगी मराठी उतारा मिनिटाला ३८ शब्दांनी वाचते आणि नंतर सांगते की शेळी का रुसली. दुसरा मुलगा ७५ शब्द घडाघडा वाचतो आणि शेळी होती की गाय ते सांगू शकत नाही. रकान्यात पहिली मागे आहे, दुसरा निपुण आहे. शाळाप्रमुख नावाच्या माणसाची गरज या जागी लागते. त्याने म्हणायला हवं की थांबा, मला या मुलीची काळजी कमी वाटते आणि त्या मुलाची जास्त. असं म्हणायला त्याला वाचन शिकवण्यातलं कळावं लागतं, आणि वरून फोन आल्यावर ते टिकवून धरायचा अधिकार लागतो. पहिल्यासाठी प्रशिक्षण लागतं. दुसरं प्रशिक्षणातून मिळत नाही, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांनी द्यायचं असतं.

टीकाच करून थांबले तर तुम्ही म्हणाल, बाई निवृत्त झाल्या आणि शहाण्या झाल्या. म्हणून आमच्या केंद्रातलं एक सांगते. यशोगाथा म्हणून नव्हे; ते दीड वर्ष चाललं आणि बंद पडलं.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असते. साधारण असा क्रम: स्वागत, परिपत्रकांचं वाचन, प्रलंबित माहितीचा आढावा, चहा, आभार. मी ठरवलं की परिपत्रकं गटावर टाकायची, वाचायची नाहीत. त्यातून जवळपास तास-सव्वा तास सुटला. मग चार्ज असलेल्यांना सांगितलं, येताना आपल्या वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या आणा. चांगल्या नकोत, तुम्हाला कोड्यात टाकणाऱ्या आणा.

पहिल्या महिन्यात सुवाच्य अक्षराच्या, लाल शेरे असलेल्या वह्या आल्या. माणसं घाबरतात, स्वाभाविक आहे. तिसऱ्या महिन्यात एका गुरुजींनी तिसरीच्या मुलाची वही उघडली. गणित होतं ४०२ वजा १७५. मुलाने उत्तर लिहिलं होतं ३७३. निष्पत्ती सांगते की तिसरीच्या मुलाला तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी यावी. गुरुजी म्हणाले, “नाही आली. फुली.” एक बाई म्हणाल्या, “थांबा, त्याने केलं काय?” सगळे वाकून बघायला लागले. पाचातून दोन गेले, तीन. सातातून शून्य, सात. चारातून एक, तीन. म्हणजे तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करत होता, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. त्याला नियम नव्हता असं नाही, त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो त्याने न चुकता पाळला होता.

मग वाद पेटला. कुणी म्हणे उसना घ्यायचा सराव द्या, पन्नास गणितं. कुणी म्हणे त्याला मधल्या शून्याचं भय आहे. पलीकडच्या वस्तीवरचे सर, जे एरवी परिषदेत तोंड उघडत नसत, ते म्हणाले, “त्याला दुकान लावून द्या. चारशे दोन रुपये हातात द्या, एकशे पंच्याहत्तरचा माल घ्यायला सांगा. शंभराची नोट मोडल्याशिवाय सुटतच नाही.” पुढच्या महिन्यात गुरुजी वही घेऊन परत आले. दुकानात मुलाने २२७ रुपये बरोबर परत दिले होते. वहीत मात्र पुन्हा ३७३च. मग पुढचा तास यावर गेला की नोटांमधलं वहीत उतरवायचं कसं, मधली पायरी काय, दशकांचे गठ्ठे कधी आणायचे.

माझ्या सगळ्या नोकरीत ‘अध्ययन निष्पत्ती’ या शब्दाचा अर्थ मला त्या दोन तासांत कळला. मी त्यात शिकवलं काहीच नव्हतं. परिपत्रकं वाचली नाहीत आणि तो तास कुणाला घेऊ दिला नाही, एवढंच. दीड वर्षानंतर माझ्याकडे दुसऱ्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार आला, एका दिवसात दोन परिषदा बसवायच्या झाल्या, आणि पहिला बळी त्या तासाचा गेला. राज्यात केंद्रप्रमुखांची मंजूर पदं ४,८६० आहेत. किती भरलेली आहेत हे आपापल्या तालुक्यात बघा.

शेवटचा मुद्दा, कारण संयोजक घड्याळ दाखवतायत. २०२५-२६ पासून आपल्याकडे पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा २०२२ चा, शालेय शिक्षणाचा २०२३ चा, त्यांवर बेतलेला राज्याचा २०२४ चा. पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने येणार. सोबत समग्र प्रगतिपत्रक येतंय, ज्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतःबद्दल लिहील, सोबती लिहितील, पालक लिहितील. कागदावर मला हे २०१० च्या नोंदींपेक्षाही आवडतं. आणि २०१० मला आठवतंय, म्हणून धास्ती वाटते. मुलाने स्वतःबद्दल काय लिहावं याच्याही तयार पुस्तिका निघू शकतात. ‘मला शाळेत यायला आवडते.’ चाळीस मुलं, एक वाक्य.

म्हणून ज्यांच्या हातात प्रशिक्षण आहे त्यांना माझं म्हणणं आहे की पहिला दिवस आराखड्यावर घालवू नका. शाळेत सध्या चालू असलेल्या नोंदवह्या आणि ऑनलाइन माहितीची यादी चार्जवाल्यांकडूनच करून घ्या, त्यातलं काय थांबवायचं ते ठरवा, आणि ते अधिकाऱ्यांच्या सहीने लेखी द्या. तोंडी नको, तोंडी गोष्ट बदली झाली की संपते. उरलेले दिवस सलग घेऊ नका, वर्षभर पसरा, आणि निम्मे त्या माणसाच्या स्वतःच्या शाळेत घ्या, तीन इयत्तांच्या त्या खोलीत, मुलं समोर असताना. मॉड्यूल थोडी कमी झाली तर चालतील.

हे सगळं होईपर्यंत कुणी केंद्रप्रमुख इथे बसले असतील आणि एक तास मोकळा करू शकत असतील, तर वह्यांनी सुरुवात करा. पहिल्यांदा गणिताच्याच घ्या. मराठीच्या घेतल्या तर सगळे शुद्धलेखनावर जातात आणि परत येत नाहीत, हे मी करून बघितलंय.

आता प्रश्न घेऊ या. तिकडे मागे त्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे.